शपथमोडीची चिठ्ठी

"तनया, पाचवीचा कागद कुठं ठेवलास गं?" सासूबाईंनी आतून विचारलं आणि तनयाच्या हातातली झबल्याची नाडी गाठ बसायच्या आधीच निसटली. विचारण्यात तसं काही नव्हतं. मिठाची बरणी कुठं आहे, गॅसवाला येऊन गेला का, त्याच सुरात विद्युल्लताबाईंनी विचारलं होतं. एकतीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळं त्यांच्या प्रत्येक प्रश्नामागं उत्तराची वाट बघणारी एक शांतता आपोआप येऊन उभी राहायची, तेवढीच. "सरळ राहावा म्हणून मीच लसीच्या फाइलीत घातला होता. फाइल आहे, कागद नाही. परवा पाटाखाली लागेल ना." परवा, रविवारी, माधूचं उष्टावण. खारबावहून मामा येणार, सोन्याच्या अंगठीनं खीर चाटवणार, आणि या घरच्या रीतीनं बाळ ज्या पाटावर बसेल त्याच्याखाली त्याच्या पाचवीचा कोरा कागद ठेवायचा, मग फुलांबरोबर कामवारी नदीत सोडायचा. तनयाच्या नवऱ्याचा, अर्णवचा, सोडला होता, अर्णवच्या बाबांचाही. "बघते," तनया म्हणाली. बघण्यासारखं काही नव्हतं. कागद कुठं आहे ते तिला दोन महिने, रोज, डोळे उघडल्या क्षणापासून ठाऊक होतं. तो वडप्याला, एका गोदामाच्या ऑफिसात, चहापत्तीच्या पत्र्याच्या डब्यात चार घड्या घालून पडला होता. आणि तो आता कोरा नव्हता.

शुक्रवार होता. शुक्रवारी आळीमागचे यंत्रमाग बंद असतात, आणि जन्मल्यापासून त्या खटखटीवर झोपलेल्या माधूला शांततेत डोळा लागत नाही. "आमची मुलगी आवाज थांबला की जागी होते," असं अर्णव ठाण्याच्या ऑफिसात सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. तनयालाही ती शांतता सोसत नसे. मागांचा आवाज असला की डोक्यातलं बोलणं त्याच्याखाली दबून राहतं. शुक्रवारी ते वर येऊन बसतं. आता तिला पाचवीची सकाळ आठवली. टाके ओढत होते, छातीत दूध दाटून दगड झालं होतं, आणि आदल्या संध्याकाळी मांडलेला पाट तसाच होता: वरवंटा, हळदकुंकू, कोरा कागद, शेजारी अर्णवचं चांगलं पेन. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते, म्हणून. "मी मानत नाही, पण मोडतही नाही," असं सासूबाई म्हणाल्या होत्या. शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. सकाळी तनयानं पाहिलं तर पेनाला टोपण तसंच. काढायचं राहून गेलं होतं. तिला हसू आलं, हसताना टाके दुखले, आणि तिनं ते कोणाला सांगितलं नाही. देवी आली असेल तर टोपणाशी झटापट करून गेली असेल बिचारी. तेव्हा तो विनोद होता. मग महिन्यामहिन्यानं त्या विनोदाला आतून बुरशी येत गेली. कोणीच काही लिहिलं नव्हतं. कागद रिकामाच राहिला होता, आणि त्याच्यावर पहिली अक्षरं उमटली ती तिची.

तिनं कपाटातल्या वहीचं एक पान फाडलं, सासूबाईंनी लावलं होतं तसं कोपऱ्यात हळदीचं बोट टेकवलं. हुबेहूब. सासूबाईंना चष्म्यातूनही कळलं नसतं. फाइलीत सरकवताना मात्र ती तिथंच कॉटच्या कडेला बसली. खोटा कागद पाटाखाली, नदीत, फुलांबरोबर. आणि खरा तिकडं डब्यात, त्याच्यावरच्या अक्षरांसकट, अंधारात, कायमचा. तिनं पानाचा बोळा केला आणि नळाखाली धरला. माधू तिच्याकडं बघत होती. सात महिन्यांचं मूल बघतं तसंच, न मिटता, काहीही मागं न ठेवता. तनयाला हल्ली ते बघणं झेपत नसे.

कागद तिकडं गेला तो एका खेळामुळं. तो खेळ ती कॉलेजपासून खेळत आली होती. टेबल, कागद, वीस बाजूंचा फासा. एक जण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र घेतात, योद्धा, जादूगार, चोर, आणि जिथं अडेल तिथं फासा पडतो आणि गोष्ट पुढं सरकते. सूत्रधार नेहमी अनिमेष, तिचा कॉलेजातला मित्र. पुढं तो वडप्याच्या गोदामात माल मोजायच्या नोकरीला लागला तसा खेळही तिथंच गेला, रविवारी सकाळी, ऑफिसातल्या लांब टेबलावर. तनया नेहमी वैद्य व्हायची, कारण वैद्य व्हायला कोणी तयार नसतं. सगळ्यांना मारायचं असतं, टाके घालायला कोणीतरी लागतं. चार वर्षं ती दुसऱ्यांच्या जखमा भरत होती आणि ते तिला आवडायचंही. बाळंतपणानंतर पाच महिन्यांनी एका रविवारी सासूबाईच म्हणाल्या, "जा जरा मित्रमैत्रिणींत. अर्णव आहे घरी. तोंडावर रया येईल." त्या दिवशी अनिमेषनं काळ्या पुठ्ठ्याची नवी वही उघडली होती. "फार वर्षं सज्जनपणा झाला," तो म्हणाला. "यावेळी सगळे खल." त्यानं एकेक प्रकार स्वतः रचला होता, मन लावून, सुवाच्य अक्षरात. मढेराख्या, जो मेलेल्यांचा कळप हाकतो. विषवैद्य, ज्याला बरं करता येतं आणि जो दुसरंच काही देतो. शपथमोड्या, ज्यानं कोणाला तरी सांभाळायची शपथ घेतली होती आणि ती मोडली, आणि त्या मोडण्यातूनच ज्याला बळ मिळतं. "मी मढी राखते," राहनाळची रंजिता म्हणाली. ती त्याच गोदामात माल चढवून घ्यायचं बघायची, वीस पुरुषांवर ओरडून तिचा आवाज कायमचा बसका झाला होता. "जिती माणसं माझा ऐकत न्हाईत, मेलेली तरी ऐकतील." अनिमेषनं विषवैद्याचं पान तनयाकडं सरकवलं. "तुझं जुनं वैद्यपण वाया जाणार नाही." "मी शपथमोडी होते," तनया म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की रंजितानं भुवया उंचावल्या.

मग नियम आला. "खल कोणी आपोआप होत नाही," अनिमेष म्हणाला. "काहीतरी सोडावं लागतं. काय सोडलं ते चिठ्ठीवर लिहायचं, खरं लिहायचं, मला दाखवायचं नाही. चिठ्ठी डब्यात. पात्र मेलं तर न वाचता जाळायची. पात्राला परत यायचं असेल, चांगलं व्हायचं असेल, तर त्यानं स्वतः इथं, सगळ्यांसमोर, मोठ्यानं वाचायची." तनयानं पर्समध्ये हात घातला. आदल्या दिवशी लस झाली होती, फाइल पर्समध्येच होती, हाताला एक कागद लागला आणि तिनं त्याच्यावर लिहिलं. विचार न करता. दोन अक्षरं. माधू. घडी घालताना कोपऱ्यात सासूबाईंच्या बोटाची पिवळी हळद दिसली, आणि हा कोणता कागद आहे ते तिला समजलं. समजलं तरी तिनं तो डब्यात टाकला. परत घेतला असता तर का घेतला ते सांगावं लागलं असतं. आणि याहूनही वाईट एक होतं, जे ती स्वतःशीसुद्धा हळूच बोलायची: ती दोन अक्षरं लिहिताना, तेवढ्या वेळापुरतं, तिला हलकं वाटलं होतं. डोक्यावरचा हंडा कोणीतरी उतरवून घ्यावा तसं. ते हलकेपण तिनं स्वतःला अजून माफ केलं नव्हतं.

कारण त्याच्या पंधरा दिवस आधी सासूबाईंचं मनगट मोडलं होतं. पायरीवरून पाय घसरला, उजव्या हाताला प्लास्टर, आणि माधूची अंघोळ, जी तोपर्यंत त्या पाय पसरून, गाणी म्हणत घालायच्या, ती तनयाकडं आली. पहिल्याच दिवशी टबात पाणी, पाण्यात माधू, मानेखाली तिचा एक हात, आणि डोक्यात, कोणीतरी बाजूला उभं राहून बोलावं तसं, अगदी सहज: सोडलं तर? एवढंच. गच्चीच्या कठड्याशी उभं राहिलं की जे वाटतं तसलं. पण गच्चीवरून मागं सरता येतं. अंघोळ रोज असते. दुसऱ्या दिवशी पाणी काढतानाच तो आवाज येऊन बसलेला. तिसऱ्या दिवशी आवाजाला चित्र आलं. तनया दात आवळून, दोन्ही हातांनी धरून, तीन तांब्यांत अंघोळ उरकायला लागली. इतकं घट्ट की माधूच्या दंडावर चार बोटं उमटायची, लाल, आणि संध्याकाळपर्यंत जायची. बाही लांब असलेली झबली ती निवडून काढायची. अर्णवला एकदा तिनं सांगून पाहिलं, "मला हल्ली भीती वाटते." तो फोन बाजूला ठेवून म्हणाला, "अगं, पहिलंच मूल आहे, सगळ्यांनाच वाटते," आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हात प्रेमाचा होता. त्याच्याखाली तिची वाचा बसली. कशाची भीती, हे त्यानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं का? आणि सांगितलं असतं तर त्यानं माधूला तिच्याजवळ ठेवलं असतं का? अनिमेषच्या वहीतल्या प्रत्येक खलाला काहीतरी मिळतं, बळ, मढी, विष. तिला काय मिळालं होतं? एक प्रश्न, रोज सकाळी नऊ वाजता.

"डॉक्टरांकडं पडला असेल कागद," ती आत जाऊन म्हणाली. "मी बघून येते." "मग हिला ठेव माझ्याजवळ." "नको, भूक लागेल तिला." खरं तर माधूला तिथं सोडून जावं असं तिला इतकं तीव्रतेनं वाटलं की त्याच भीतीनं तिनं तिला उचललं. रिक्षात ती मधोमध बसली. नाका ओलांडल्यावर हायवेला कंटेनरांची रांग, धूळ, डिझेलचा कडवट वास जिभेवर. रिक्षाची उजवी बाजू उघडी, आणि चाकं, तिच्या खांद्याएवढी चाकं, जवळून जात होती. सोडलं तर? इथंही आलास का रे बाबा, ती मनात म्हणाली. तिनं माधूला छातीशी आवळलं, पोरगी रडायला लागली. "भाभी, इतना मत दबाओ बच्ची को," रिक्षावाला आरशातून म्हणाला, "गरमी हो रही है उसको. थोडा ढीला पकडो." ढिलं. तिला हसू आलं. भाऊ, तुम्हाला काय माहीत, ती म्हणणार होती. "हां," एवढंच म्हणाली आणि पकड तशीच ठेवली.

जुम्म्याची वेळ होती, निम्मं गोदाम नमाजाला गेलेलं. फ्रिजच्या खोक्यांच्या भिंतींमधून वाट काढत ती ऑफिसात पोचली. अनिमेष डबा खात होता, रंजिता खुर्चीवर पाय वर घेऊन फोनवर कोणाला तरी झापत होती. तिनं फोन ठेवला. "आली बघ शपथमोडी! दोन म्हैने तोंड न्हाय दाखवलास. माझी मढी कंटाळली तुझी वाट बघून. आणि ही कोण? ही ती बाय? आण, आण इकडं." तिनं माधूला घेतलंही. तनयाचे हात रिकामे झाले आणि काय करावं ते न कळून टेबलावर येऊन पडले. "मला खेळ सोडायचाय," ती म्हणाली. "माझं पात्र मार आणि माझी चिठ्ठी जाळ. आत्ता." अनिमेषनं घास खाली ठेवला. "आत्ता? डबा खाऊ देशील?" "अनिमेष." त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि डबा झाकला. "बरं. कशी मरते?" "कड्यावरून पडते." "मग फासा टाक. दहाच्या खाली आला तर मेली." फासा घरंगळत गेला, पाण्याच्या बाटलीला आपटला. सतरा. "बघ," रंजिता म्हणाली, "तुला तर यमपण न्हाय घेत." पुन्हा टाकला. एकोणीस. रंजिता खदखदून हसली, माधूही तिच्या हसण्यावर हसली आणि हात पुढं करून तिनं फासा पकडला. "तोंडात घालेल!" तनया एवढ्यानं किंचाळली की बाहेरचा फोर्कलिफ्टवाला थांबून काचेतून बघायला लागला. रंजितानं शांतपणे माधूच्या मुठीतून फासा काढून घेतला. आता कोणी हसत नव्हतं.

"मेली समज," अनिमेष हलकेच म्हणाला. "सूत्रधार मी आहे." त्यानं कपाटावरून डबा काढला, आतल्या चिठ्ठ्या उलथल्या, हळदीच्या कोपऱ्याची बघून "ही ना?" असं विचारलं, आणि न उघडता, बशीवर धरून, लायटर पेटवला. हेच हवं होतं. याच्यासाठीच ती आली होती. जळून जाईल, राख होईल, घरी जाऊन दुसऱ्या पानाला हळद लावता येईल, सटवाईला, सासूबाईंना, कोणालाही काही कळणार नाही. कागदाची कड काळी झाली, मुडपली. आत नाव होतं. चार घड्यांच्या आत, तिच्याच अक्षरात, माधू. आणि ज्योत त्या घड्यांच्या दिशेनं चालली होती, अगदी सावकाश. तनयानं झडप घातली. मुठीतच विझवला. अंगठ्याला चटका बसला तो तिला नंतर, कितीतरी वेळानं जाणवला. "ठेवताही येत नाही," ती म्हणाली, "जाळताही येत नाही. मी काय करू रे?" आवाज तिचाच होता, पण तसा तो कधी कोणाच्या कानावर पडला नव्हता.

अनिमेषनं लायटर खिशात घातला. बशीतल्या काळ्या कपच्या बोटानं एका बाजूला केल्या. मग म्हणाला, "तिसरा नियम आहे, मोठ्यानं वाचायचा. तुला माहीत आहे. पण तो खेळातला आहे, तनया. तुझ्यावर सक्ती नाही."

तिनं घड्या उघडल्या. एक, दोन. तिसऱ्या घडीपाशी बोटं थांबली. टेबलापलीकडं रंजिताच्या मांडीवर माधू खिडकीकडं तोंड करून बसली होती, ऊन आणि त्यातली धूळ पकडत. मग चौथी घडी. "माझ्या पात्रानं जे सोडलं ते," तनयानं नियमाप्रमाणं सुरुवात केली, अडली, पुन्हा सुरुवात केली. "जे सोडलं ते. माधू."

माधूनं मान वळवली. ऊन, धूळ, खिडकी सगळं टाकून वळून पाहिलं, हाक कोणी मारली ते शोधलं, आणि आईला बघून दोन्ही हात वर केले. घरी दिवसातून शंभर वेळा करते तसंच. तिला फक्त बोलावलं गेलं होतं.

तनयानं तिला घेतलं नाही. तिचे हात उचललेच गेले नाहीत. ती टेबलाच्या कडेला धरून उभी होती आणि बोलत होती, कोणाकडं न बघता, शब्दांमागून शब्द: पाणी, टब, नऊ वाजता, डोक्यातला तो आवाज, दंडावरची बोटं, लांब बाह्या, आणि लिहिताना वाटलेलं हलकेपण, तेसुद्धा. "मी तिला काही करेन," ती म्हणाली. "मी करणार नाही, पण करेन. मला तिच्याबरोबर एकटं ठेवू नका." अनिमेष उठून उभा राहिला होता, हातात पाण्याचा ग्लास, द्यावा की न द्यावा अशा विचारात. रंजितानं माधूला खांद्यावर घेऊन थोपटायला सुरुवात केली आणि त्याच तालात बसक्या आवाजात म्हणाली, "आमच्या चंद्रावहिनीला पण असाच झालेला. सुरी दिसली की पोराला घेऊन दुसऱ्या खोलीत पळायची. सगळी म्हणाली, बाहेरचा हाय, अंगारा लावा. दादानं डॉक्टरीणबाईकडं नेली. गोल्या दिल्या, बसवून बोलायला लावली. डॉक्टरीणबाई बोलली, ज्या बायका भितात ना, त्या पोराला जपतात म्हणून भितात; पण एकटीनं भिऊ नको, सांगत जा. आता तो पोरगा शाळेत जातो, आणि वहिनी त्याला लाटण्यानं बदडते." ती थांबली. "मी तुला घरी सोडते. आज तू रिक्षात एकटी न्हाय बसायची. आणि हे तुझ्या सासूला सांगायचा. तू न्हाय सांगितलास तर मी सांगेन, माझा आवाज कसा हाय तुला माहीत हाय."

घरी पोचल्यावर माधूला तनयाच्या कडेवर देऊन रंजिता ओट्यावरच थांबली. "मी हाय इथं," म्हणाली आणि चपला काढून पायरीवर बसली. विद्युल्लताबाई रवा भाजत होत्या, रविवारच्या खिरीचा नमुना. तनयानं गॅस बंद केला आणि कागद त्यांच्यापुढं धरला, उघडा, चारही घड्यांच्या रेघांसकट, एक कड जळालेली. "मिळाला का?" असं म्हणत त्यांनी चष्मा लावला. एकतीस वर्षं ज्यांनी मुलांच्या चुका लाल शाईनं गोल केल्या त्या बाई दोन अक्षरांकडं खूप वेळ बघत राहिल्या. "अक्षर तुझं आहे," शेवटी म्हणाल्या. "हो. आई, पाचवीला पेनाचं टोपण काढलंच नव्हतं. कोणी काही लिहिलं नाही. मीच लिहिलं, आणि हे का लिहिलं ते ऐका. सगळं ऐका, मगच बोला." आणि तिनं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा सोपं नव्हतं. उलट अवघड होतं, कारण ही माधूची आजी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर एकेक वाक्य आत कुठं लागतंय ते दिसत होतं. एकदा त्यांनी हात पुढं केला, आता माधूला माझ्याकडून घेतील, तनयाला वाटलं, आणि घ्यावंच, असंही वाटलं. त्यांनी घेतलं नाही. माधू आईच्या कडेवरच होती. त्यांनी झबल्याची लांब बाही वर केली. दंडावर सकाळची चार बोटं, अजून पुरती न गेलेली. त्यांनी नुकत्याच प्लास्टरमधून निघालेल्या, वाळलेल्या हाताची आपली चार बोटं त्या चार खुणांवर एकेक करून ठेवली.

"एवढं घट्ट?"

"सुटेल म्हणून."

बाहेर पायरीवर रंजिता खोकली, आपण आहोत हे कळावं म्हणून. विद्युल्लताबाईंनी कागदाला हातानं सारखं करून देवाजवळ, समईखाली ठेवला, लिहिलेली बाजू वर. मग डोळे पुसले आणि नाकही. "सोमवारी डॉक्टरांकडं जायचं, मी येते बरोबर," त्या म्हणाल्या. "अर्णवला आज मी सांगते, तू शेजारी बस नुसती. आणि ऐक. उद्या नऊ वाजता पाणी मी ओतते. तू धर."

तनयानं आपल्या हातांकडं पाहिलं. एका अंगठ्यावर फोड आला होता. "आई, नाही जमलं तर?"

"तर मी आहे ना समोर," त्या म्हणाल्या आणि रवा पुन्हा गॅसवर चढवला, मंद. करपू नये म्हणून त्या ढवळत राहिल्या. तनया तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली, मागांचा आवाज नसलेल्या त्या दुपारी, कडेवर जागी मुलगी घेऊन, एका बोटानं पकड सैल करून बघत. मग पुन्हा घट्ट. मग पुन्हा, थोडीशी, सैल.